आयतोबाला हाकलणारा आवाज

‘हाउंड डॉग’ या गाण्याचं शीर्षक मराठीत आणायचं ठरवलं, तर शब्दकोशातला ‘शिकारी कुत्रा’ हा अर्थ काहीच कामाचा नाही. बाईच्या जिवावर जगणाऱ्या, तिच्या दाराशी घोटाळत राहणाऱ्या पुरुषासाठी हा शब्द गाण्यात आला आहे. मराठीत त्याला ‘आयतोबा’ म्हणता येईल. गाण्यातली बाई त्याला पुरतं ओळखून आहे आणि घराबाहेर काढते आहे. कोण कोणाला बोलतं आहे हे एकदा कळलं, की आणखी एक गोष्ट लक्षात येते. पुढे जगभर जे ‘हाउंड डॉग’ ऐकलं गेलं, त्यात हा अर्थ शिल्लकच नव्हता.

जगभर गेलेलं ते गाणं एल्विस प्रेस्लीचं, 1956 सालचं. त्याच्या आधी ते गायली विली मे थॉर्नटन, म्हणजेच बिग मामा थॉर्नटन. ‘एल्विसच्या आधी हे गाणं गाणारी’ आणि ‘जॅनिस जॉपलिनला गाणं देणारी’ अशा दोन ओळखी देऊन तिला निरोप द्यायची पद्धत पडून गेली आहे. तिच्या बाजूने लिहिणारेही याला अपवाद नाहीत. अन्यायाची गोष्ट सांगता सांगता तिचं गाणं ऐकायचं राहून जातं.

ती 1926 साली अलाबामात जन्मली. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये गाणारी. आई लवकर गेली आणि किशोरवयातच विली मे अटलांटाच्या ‘हॉट हार्लेम रिव्ह्यू’ या फिरत्या मंडळीत सामील झाली. दक्षिणेतल्या गावोगावी गाताना ड्रम आणि माउथ ऑर्गन ती स्वतःच शिकली. 1948मध्ये ती ह्यूस्टनला आली आणि 1951मध्ये तिथल्या पीकॉक कंपनीशी तिचा करार झाला. त्यानंतर जॉनी ओटिसच्या वाद्यवृंदाबरोबर ती गाऊ लागली. म्हणजे ‘हाउंड डॉग’पाशी पोहोचली तेव्हा तिच्यामागे दहा-बारा वर्षांचा रंगमंच होता.

13 ऑगस्ट 1952 रोजी लॉस एंजेलिसमध्ये हे गाणं रेकॉर्ड झालं. लिहिणारे जेरी लीबर आणि माइक स्टोलर जेमतेम एकोणीस वर्षांचे होते. दोघेही गोरे, ज्यू घरांतले. तिला तालमीत ऐकून त्यांनी हे गाणं तिच्यासाठीच रचलं. पुढे काय झालं याच्या दोन साक्षी आहेत. लीबर सांगत असे, की ती आधी ते संथ प्रेमगीतासारखं गाऊ लागली आणि कसं गायचं हे त्याला दाखवावं लागलं. थॉर्नटनचं म्हणणं होतं, की तिच्या हाती नुसते शब्द आले. त्यातलं बोलणं, हाळ्या, आरोळ्या तिच्या स्वतःच्या.

निवाडा करायचा तर रेकॉर्ड ऐकावं. अडीच-तीन मिनिटांच्या त्या गाण्यात ती एखादा शब्द घशात घोळवून खरखरीत करते, तर पुढचा सहज टाकून देते. पीट लुइसची गिटार सुरू झाल्यावर गायिकेने थांबायचं असतं, पण ती थांबत नाही. गिटारला चेतवत, टोमणे मारत ती बोलतच राहते. कागदावर या जागी काही असणं शक्य नाही. शेवटी वादक कुत्र्यांसारखे भुंकतात आणि रडतात. शब्दशः अर्थातला कुत्रा गाण्यात येतो तो इथे, त्या पुरुषाला हाकलून झाल्यावर, थट्टेपुरता.

1953मध्ये हे गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिलं होतं. नंतर फ्रेडी बेलच्या लास व्हेगासमधल्या बँडने त्यातली द्व्यर्थी वाक्यं काढली आणि सशाची शिकार आत आणली. एल्विसने ते तिथे ऐकलं. आता गाणारा पुरुष, आणि समोर आयतोबाऐवजी खराखुरा कुत्रा. भाषांतराच्या भाषेत सांगायचं तर शीर्षक राहिलं, चाल राहिली, संबोधन गेलं. एल्विसचं रेकॉर्डिंग वाईट नाही. त्यातला ड्रमचा मारा आणि वेग यांना स्वतःचा जोर आहे. पण तो राग कोणावर, या प्रश्नाला तिथे उत्तर नाही.

या गाण्यावरून भांडणंही झाली. रूफस थॉमसने पुरुषाच्या बाजूने ‘बेअर कॅट’ हे उत्तरगीत काढलं, तेव्हा पीकॉकच्या मालकाने दावा लावून जिंकला. ओटिसने लेखनातला वाटा मागितला, तो कोर्टात टिकला नाही. वाद चालला तो शब्द आणि चाल कोणाची यावर. गिटारच्या जागेत बोलत राहणारा आवाज कोणाचा, हे विचारायला कायद्याकडे शब्दच नव्हता. आपल्यालाही हे नवं नाही. जुन्या लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव येतं. गाणारणीचं येत नाही. थॉर्नटनच्या सांगण्यानुसार या गाण्याचे तिला एकदाच 500 डॉलर मिळाले.

पण लेखन नावावर असलं, तरी काय झालं? ‘बॉल अँड चेन’ तिने स्वतः लिहिलं. हे प्रेम म्हणजे कैद्याच्या पायातली बेडी, असं ते गाणं. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला बे-टोन या छोट्या कंपनीने ते रेकॉर्ड केलं, बाजारात आणलं नाही, हक्क मात्र ठेवून घेतले. 1967मध्ये माँटेरेच्या महोत्सवात जॉपलिनने ते गायलं. तिच्या बँडने परवानगी मागितली होती आणि जॉपलिनने श्रेयही मोकळेपणी दिलं. चाल मात्र मायनरमध्ये नेली. जॉपलिन बेडी नुकतीच पायात पडल्यासारखी किंचाळते. थॉर्नटन गाते तेव्हा ती बेडी बरीच वर्षं पायात असते. तिचं वजन तिला ठाऊक आहे, म्हणून ती पाऊल सावकाश टाकते. दोन्ही अर्थ खरे आहेत. पहिला दुसऱ्याची पूर्वतयारी नाही.

अ‍ॅलिस वॉकरची ‘नाइन्टीन फिफ्टी-फाइव्ह’ ही कथा हे नेमकं पकडते. एका कृष्णवर्णीय गायिकेचं गाणं विकत घेऊन एक गोरा तरुण प्रचंड प्रसिद्ध होतो. मग वर्षानुवर्षं तो तिच्याकडे येत राहतो, मोटार देतो, घर देतो. कारण आपण गातो त्या गाण्याचा अर्थ त्याला कधीच कळलेला नसतो. खऱ्या आयुष्यात अशा भेटी घडल्या नाहीत. 25 जुलै 1984 रोजी थॉर्नटन लॉस एंजेलिसमधल्या एका भाड्याच्या खोल्यांच्या घरात वारली. वय 57.

2024मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला आत घेतलं. उशिरा का होईना, घेतलं. पण कशासाठी? ‘सांगीतिक प्रभाव’ या वर्गात, म्हणजे तिच्यामुळे इतरांनी जे केलं त्यासाठी. 1952चं ते रेकॉर्ड त्याआधी पूर्ण झालेलं आहे. पुढे कोणीच ते गायलं नसतं, तरी त्या बाईने आयतोबाला घराबाहेर काढलंच होतं.