‘नियामक’, ‘नियंत्रण’ आणि ‘औषध’ : एक परिभाषाविचार

परिभाषेची खरी परीक्षा कोशात होत नाही. ती प्रयोगाच्या नोंदवहीत आणि डब्यावरील चिठ्ठीत होते. झुरळांवरील ‘कीटकवाढ नियामका’च्या बाबतीत हे विशेष जाणवते.

१९६५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात कारेल स्लामा व कॅरोल विल्यम्स यांना असे आढळले की, प्रागहून आणलेले ढेकूणवर्गीय कीटक अमेरिकी कागदावर वाढविल्यास प्रौढच होत नाहीत. कागदातील वनस्पतिजन्य द्रव्य कीटकांच्या बालसंप्रेरकासारखे वागत होते. याच तत्त्वावरील हायड्रोप्रीन पुढे झुरळांवर वापरात आले. ते प्रौढ झुरळास सहसा मारीत नाही. वाढत्या पिलास लाभले तर चुरगळलेल्या पंखांचे, बहुधा वंध्य झुरळ निपजते. डायफ्लुबेन्झुरॉन मात्र कायटिन नीट बनू देत नाही, त्यामुळे कात टाकतानाच कीटक मरतो. एक वीण रोखते, दुसरे प्राण घेते; ‘नियामक’ ही संज्ञा दोहोंना एकाच पंक्तीस बसविते.

‘नियंत्रण’ या शब्दाचा दोष याहून मोठा आहे. झुरळांचा बंदोबस्त आणि द्रव्य न दिलेला तुलनेचा गट, या दोहोंस तो लावला जातो. ‘नियंत्रणात झुरळे वाढली’ या वाक्याचा एक अर्थ प्रयोग फसला असा, तर दुसरा प्रयोग यथायोग्य चालला असा होतो. दुसऱ्या अर्थी ‘तुलनागट’ हा शब्द निःसंदिग्ध ठरेल.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार चिठ्ठीवर हिंदी व इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषाही आवश्यक आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्यात ती भाषा म्हणजे प्रमाण मराठी. घरोघरी बोलली जाते ती मात्र वारली वा कोकणा. तेथे ‘नियामक’ कोणास काय सांगणार? ‘औषध’ म्हटले की मरण अपेक्षिले जाते. सकाळी झुरळे हिंडताना दिसली की द्रव्य खोटे ठरते आणि त्यावर जहाल विष फवारले जाण्याचा संभव असतो. चूल व धान्य एकाच खोलीत असलेल्या घरात हा केवळ शब्दार्थाचा प्रश्न उरत नाही.

मेलेली झुरळे मोजणारी परीक्षाही याच चुकीची भागीदार होय. जर्मन झुरळाच्या एका अंडकोशात सुमारे ३० ते ४० अंडी असतात. म्हणून मोजावयाची ती वीण. हायड्रोप्रीनच्या चिठ्ठीवर ‘याने झुरळ लगेच मरत नाही, त्याची वीण थांबते, फरक दिसण्यास काही महिने लागतात’ एवढे साधे वाक्य, त्या त्या बोलीच्या भाषकांकडून पारखून घेतलेले, असावयास हवे. परिभाषेने संशोधकाची सोय पाहावी, पण वापरणाऱ्याच्या जिवावर नव्हे.