‘वाटतं’ आणि ‘येतं’ यांतलं अंतर

समावेशक शिक्षण आणि शिक्षक-प्रशिक्षण या विषयावर आराखडा लिहायला बसलात की टीईआयपी ही प्रश्नावली तुमच्यापर्यंत पोचतेच. शर्मा, लोरमन आणि फोर्लिन यांनी ती २०१२ साली प्रसिद्ध केली. १८ विधानं, प्रत्येकाला सहा पर्याय. दिव्यांग मुलं असलेल्या वर्गात आपल्याला शिकवता येईल असं शिक्षकाला कितपत वाटतं, हे ती मोजते: शिकवणं, इतरांबरोबर काम करणं, वर्गातलं वर्तन सांभाळणं. चार देशांतल्या प्रशिक्षणार्थींवर ती तपासली गेली, त्यात भारतही होता. हत्यार चांगलं आहे. माझी तक्रार वापरणाऱ्यांबद्दल आहे, आणि त्यात मीही आलेच.

आपण काय करतो? अभ्यासक्रमाआधी प्रश्नावली भरून घेतो, नंतर पुन्हा भरून घेतो, टी-चाचणी लावतो, गुण वाढले की ‘प्रशिक्षण परिणामकारक’ असा निष्कर्ष लिहून मोकळे होतो. कोष्टकात ‘वाटतं’ असतं, निष्कर्षात त्याचं ‘येतं’ होतं. ही उडी कुठल्या पानावर मारली ते शोधूनही सापडत नाही.

वुलफोक हॉय आणि बर्क स्पेरो यांचा २००५ चा लेख यासाठी वाचाच. सराव-अध्यापनाच्या काळात स्वक्षमतेची भावना वाढलेली दिसली, आणि नोकरीच्या पहिल्याच वर्षी खाली आली. सरावाच्या काळात पाठीशी कुणीतरी असतं, हे एक कारण. आता सांगा, उत्तर-चाचणी आपण कधी घेतो? नेमकी चढाच्या टोकाला!

मी डी.एल.एड.च्या काही विद्यार्थिनींकडून मराठी अनुवाद वाचून घेतला. इतर तज्ज्ञांबरोबर मिळून मुलासाठी योजना आखता येईल, अशा आशयाच्या विधानावर एकीने बेधडक ‘पूर्ण सहमत’ केलं. विचारलं, आतापर्यंत कुणा विशेष शिक्षकाला भेटलीस? नाही. वाचा-उपचारतज्ज्ञाला? ते कोण? मग कळलं की माझ्या अनुवादातला ‘व्यावसायिक’ हा शब्द तिने दुकानदार-धंदेवाले या अर्थाने घेतला होता. चूक माझी. पण शब्द सुधारल्यावरही तिने खूण हलवली नाही. ‘जमेल की मॅडम, त्यात काय.’

तिचं तरी काय चुकलं? आपल्याकडे सर्वसाधारण प्राथमिक शिक्षकाचा अभ्यासक्रम एनसीटीईच्या मान्यतेने चालतो, विशेष शिक्षणाची पदविका आरसीआयच्या. कायदे वेगळे (१९९३ आणि १९९२), अभ्यासक्रम वेगळे. अमेरिकेतल्या पुगाक आणि ब्लँटन यांनी अशा प्रशिक्षणाचे तीन प्रकार मांडले आहेत: सुटं, एकमेकांत गुंफलेलं आणि पूर्ण एकजीव झालेलं. आपलं बहुतांशी पहिल्या प्रकारातलं. दोन वर्षं भिंतीच्या अलीकडे शिकलेल्या मुलीला पलीकडच्या माणसाबरोबर काम करण्याचा आत्मविश्वास विचारायचा, म्हणजे तिचा चांगुलपणा मोजायचा. तो भरपूर आहे, प्रश्नच नाही.

आणखी एक गोष्ट, जी मार्गदर्शकांना सहसा रुचत नाही. प्रशिक्षण चांगलं असेल तर गुण कमीही होऊ शकतात. दुसरीतला एखादा मुलगा ‘म’ आणि ‘भ’ यांत रोज गोंधळतो, हे महिनाभर जवळून पाहिलेली मुलगी ‘पूर्ण सहमत’ करताना थोडी थांबेल. ते थांबणं हे शिकण्याचं लक्षण असू शकतं. आपल्या कोष्टकात मात्र ते अपयश म्हणून नोंदलं जातं, आणि उद्या कुणी त्या आकड्यावरून चांगला अभ्यासक्रम बंदही करेल.

म्हणून मी प्रश्नावली ठेवली आहे, पण एकटी नाही. तिच्यासोबत एका मुलाच्या वहीची दोन पानं देते आणि विचारते: उद्या सकाळी पहिल्या तासाला याच्यासाठी काय कराल, आणि ते करताना वर्गातली बाकीची मुलं काय करत असतील? उत्तरं तपासायला प्रश्नावलीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. वही समोर आली की पेनं बराच वेळ हलत नाहीत.