संहितेचा पिंड आणि छपाईचा वेश

शासकीय सेवेत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना मसुदा आणि स्वच्छ प्रत यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. विषय कोणता, संदर्भ कोणता, प्रतिलिपी कोणाकडे जावयाची, हे मसुदा करणारा ठरवी. समास किती सोडावयाचा आणि विषयाखाली रेघ कोठे ओढावयाची, हे टंकलेखक पाही. ग्रंथमुद्रणातही हाच भेद असावयास हवा. तो न पाळल्याचे फळ आपल्या मंडळाने भोगले आहे. १९९०च्या दशकातील आपले काही अंक एका मुद्रणालयात संगणकावर जुळविले गेले. निवडक लेखांच्या संग्रहासाठी त्या फाइली अलीकडे उघडल्या, तो पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग! त्या काळच्या अनेक फाँटांत देवनागरीची वळणे रोमन अक्षरांच्या जागांवर बसविलेली असत. फाँट हरवला आणि त्याबरोबर मजकूरही गेला. छापील अंक हाती होते म्हणूनच स्वयंसेवकांना सारे पुन्हा टंकित करता आले.

ही खंत मनात ठेवून डोनाल्ड क्नुथ यांचे 'द टेखबुक' (१९८४) वाचले. स्टॅनफर्डच्या या गणितज्ञाला १९७७ साली आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते इतकी कुरूप वाटली की, त्याने अक्षरजुळणीची स्वतंत्र प्रणालीच रचली. तिचे नाव 'टेख'. ग्रीक भाषेत कला आणि कारागिरी या दोहोंना मिळून असलेल्या शब्दावरून ते घेतले आहे. पुस्तक तांत्रिक असले तरी नीरस नाही. प्रणालीला तोंड, अन्ननलिका आणि जठर कल्पून लेखक सांगतो की, तोंड अक्षरांचे घास करते, अन्ननलिकेत 'मॅक्रो' म्हणजे संक्षिप्त आज्ञा उलगडतात आणि जठरात ओळी व पाने तयार होतात. रूपक शेवटपर्यंत निभावले आहे. अवघड परिच्छेदांपुढे रस्त्यावरील धोक्याच्या वळणाची खूण करण्याची युक्तीही वाचकाविषयीच्या आस्थेतून आलेली आहे.

परंतु या प्रणालीच्या स्वभावातच एक अडचण आहे. तीत प्रत्येक चिन्हाला सोळांपैकी एक वर्ग दिलेला असतो, आणि तो वर्ग मध्येच बदलता येतो. टक्क्याचे चिन्ह आले की त्या ओळीतील पुढचा मजकूर टीप समजून गाळला जातो. कोरी ओळ आली की परिच्छेद संपला असे मानले जाते. लिहिणारा आणि जुळविणारा एकच असेल तर हे सोयीचे. संहिता दुसऱ्याची असेल तर धोक्याचे.

याच्या उलट टोकाला 'एक्सएमएल' ही १९९८ साली प्रमाणित झालेली चिन्हांकन-पद्धती आहे. तीत कोनी कंसांतील खुणा एवढेच सांगतात की हे शीर्षक, हे कडवे, ही ओळ. दिसण्याविषयी त्या मौन पाळतात, आणि टक्क्याचे चिन्ह तेथे निव्वळ टक्क्याचे चिन्ह असते. अशी संहिता टेखकडून जुळवून घ्यावयाची तर दोन स्वभावांचा मेळ घालावा लागतो.

तो मेळ घालण्याचे दोन प्रयत्न विचारात घेण्यासारखे आहेत. डेव्हिड कार्लाइल यांनी २०००च्या सुमारास 'एक्सएमएलटेख' रचले. त्यांनी कोनी कंसालाच आज्ञेचा दर्जा दिला. कंस दिसताच मॅक्रो जागे होतात आणि खूण वाचू लागतात. टेखच्याच भाषेत टेखला परकी लिपी शिकविण्याचे हे कौशल्य स्तिमित करणारे आहे. मात्र येथे संहिता प्रवाहासारखी एकदाच समोरून जाते. पुढचे आधी किंवा मागचे पुन्हा पाहावयाचे तर कसरत करावी लागते. नेदरलँड्समधील हान्स हागेन यांनी आपल्या 'कॉन्टेक्स्ट' प्रणालीत आधी हाच प्रवाहाचा मार्ग अवलंबिला होता. पुढे 'लुआ' भाषेची जोड मिळाल्यावर त्यांनी तो सोडला. आता संपूर्ण संहिता प्रथम वाचून तिचा वृक्ष मांडला जातो आणि प्रत्येक प्रकारच्या शाखेला जुळणीची एकेक कृती जोडली जाते. सर्व शीर्षके आधी उचलून अनुक्रमणिका करा, टिपा शेवटी न्या. मूळ फाइलीला हात लागत नाही. हागेन यांची मार्गदर्शिका क्नुथांच्या ग्रंथाइतकी वाचनीय नाही, ती जाणकारासाठी लिहिलेली आहे. तरी तिच्यामागील दृष्टी मला अधिक योग्य वाटते.

याचे कारण साहित्यिक आहे. अभंगाची लांब ओळ अरुंद पानावर मोडते. ते मोडणे पानाचे की कवीचे, हे पुढच्या आवृत्तीच्या संपादकाला कोण सांगणार? ओळीला ओळ म्हणून खूण असेल तर जुळणी मोडलेला तुकडा आत सरकवून लावते आणि पान रुंद होताच तो पुन्हा सांधते. खूण नसेल तर छपाईची गैरसोय कालांतराने कवीची रचना ठरते. आपल्या पोथीकारांना हे ठाऊक होते. ते ओव्या सलग लिहीत. ओवी कोठे संपली हे दंड आणि क्रमांक सांगत. पोथीचा आकार बदलला तरी ओवी ढळत नसे.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. खूण कोठे करावयाची हे यंत्र ठरवीत नाही. जुन्या हस्तलिखितात दंड पुसट असेल तर ओवीची सीमा हा संपादकाचा निर्णय असतो, आणि चुकीची खूण नीटनेटक्या छपाईमुळे अधिकच विश्वसनीय दिसते. शिवाय प्रणालीही जुन्या होतात. क्नुथांनी १९९० साली टेख गोठविली, त्यानंतर केवळ दोषदुरुस्ती चालते. कॉन्टेक्स्ट मात्र बदलत राहिली आहे, आणि आज लिहिलेली कृती पुढे बदलावी लागू शकते. तशी ती बदलावी लागली तर एखाद्या जाणत्याचे चार दिवस जातील; संहिता जाणार नाही. आपल्या मंडळाने संग्रहासाठी जे टंकन चालविले आहे, ते युनिकोडमध्ये आणि अशा खुणांसह व्हावे, आणि खुणा करण्याचे काम मुद्रणालयाकडे न सोपविता मराठी जाणणाऱ्या सभासदांनी वाटून घ्यावे, एवढीच विनंती.