झडपेभोवतीची गळती आणि तिचे मोजमाप : एक चिकित्सा

प्रास्ताविक : छाती न उघडता, कॅथेटरच्या साहाय्याने महाधमनीची झडप बसविण्याचा पहिला मानवी प्रयोग फ्रान्समधील रूआँ येथे डॉ. अ‍ॅलन क्रिबिए यांनी २००२ साली केला. या पद्धतीत जुनी झडप कापून काढली जात नाही. नवी झडप तिच्या कठीण झालेल्या पाकळ्यांना बाजूला रेटून बसते. त्यामुळे कडेला फट राहून रक्त डाव्या जवनिकेत परत झिरपू शकते. पार्टनर चाचणीच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या द्विवार्षिक निष्कर्षांत सौम्य गळतीचाही संबंध वाढत्या मृत्यूंशी आढळला. तेव्हा ‘सौम्य’ म्हणजे नेमके किती, हा प्रश्न केवळ शब्दांचा राहत नाही.

विवेचन : इकोकार्डिओग्राफीत गळतीच्या धारा अनेक व तिरक्या असतात आणि धातूच्या जाळीची सावली काही धारा झाकते. शस्त्रक्रियेच्या मेजावर रंगद्रव्य सोडून केलेली प्रतवारी पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. यावर उपाय म्हणून बॉन येथील संशोधकांनी २०१२ साली एक निर्देशांक मांडला. महाधमनीतील प्रसरणकालीन दाबातून जवनिकेतील प्रसरणाच्या अखेरचा दाब वजा करावा, आकुंचनकालीन दाबाने भागावे व शंभराने गुणावे. उत्तर २५ पेक्षा कमी आलेल्या रुग्णांत एका वर्षातील मृत्यूचे प्रमाण ४६ टक्के, तर इतरांत १६.७ टक्के आढळले.

निर्देशांकाची उपयुक्तता मान्य करूनही एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. समजा, दाब अनुक्रमे ६०, २० व १२० आहेत. उत्तर ३३ येते. आता गळती तेवढीच, परंतु रक्तवाहिन्या ताठर व नाडी मंद असल्याने दाब ५५, २० व १५० झाले, तर उत्तर २३ येते. गळती वाढली नाही, तरी रुग्ण धोक्याच्या रेषेखाली गेला. वृद्ध रुग्णांत ताठर वाहिन्या व ताठर जवनिका या दोन्ही गोष्टी नित्याच्याच असतात. म्हणजे हा आकडा गळतीबरोबरच रुग्णाची एकूण अवस्थाही मोजतो. मृत्यूचे भाकीत करणे आणि गळती मोजणे ही दोन भिन्न कार्ये होत; एकात यश आले म्हणून दुसरे सिद्ध होत नाही.

या भेदाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. आकडा कमी दिसताच फुग्याने झडप पुन्हा फुलवावी, तर झडपेचे कडे फाटण्याचा धोका संभवतो. न फुलवावी, तर खरी गळती तशीच राहते. चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाने परतणाऱ्या रक्ताचे प्रमाण थेट मोजता येते. मात्र ते मेजावर उपलब्ध नसते आणि अनियमित नाडीत त्याची अचूकता घटते.

निष्कर्ष : कोणतेही एक माप स्वयंपूर्ण नाही. झडप बसविण्यापूर्वीचा व नंतरचा निर्देशांक, नाडीची गती आणि इकोचे चित्र यांची एकत्रित नोंद व्हावी. आकडा वस्तुनिष्ठ दिसतो. पण तो कशाचा आहे, हे विचारणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.