उपरोक्त विषयास अनुसरून

परीक्षण लिहिण्यासाठी पुस्तक वाचावेच लागते असे नाही, हे मला फार लवकर कळले होते. प्रस्तावना चाळावी, मलपृष्ठावरचा मजकूर उलटसुलट करून घ्यावा आणि शेवटी 'मुद्रण सुबक आहे' असे म्हणून मोकळे व्हावे, ही आमच्या तालुक्यातली मान्य पद्धत आहे. आज मात्र ज्या लेखकाचे परीक्षण मी करणार आहे, त्याचे समग्र वाङ्मय मी वाचले आहे. नुसते वाचलेले नाही, त्याच्या खाली सह्यादेखील केल्या आहेत. अपवाद फक्त एका पत्राचा. त्यावर सही केली, पण ते वाचले नव्हते. खरे तर हा लेख त्या पत्राबद्दलच आहे. परंतु आपली अब्रू माणूस पहिल्याच परिच्छेदात काढत नाही, म्हणून ते शेवटी सांगेन.

हा लेखक म्हणजे आमच्या पतसंस्थेतल्या संगणकात राहायला आलेला कृत्रिम बुद्धीचा मदतनीस. आमची संस्था शिरूरची, शाखा दौंडला. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण वार्षिक सभा जवळ आली आहे. मदतनीस कोणत्या कंपनीचा तेही सांगत नाही, कारण चूक त्याची की माझी याचा निकाल अजून लागायचा आहे.

तसा ऑफिसच्या संगणकात मदतनीस ठेवण्याचा घाट जुनाच. मायक्रोसॉफ्टच्या 'ऑफिस 97'मध्ये डोळे मिचकावणारी एक कागदाची टाचणी होती. तुम्ही पत्राचा मायना घातला की ती न बोलावता पडद्यावर येई आणि मदत करू का, असे विचारी. बोलावल्याशिवाय येणाऱ्या पाहुण्याचे जे होते तेच तिचे झाले. 2007च्या आवृत्तीत तिला कायमचा निरोप मिळाला. पुढे 16 मार्च 2023 रोजी त्याच कंपनीने 'कोपायलट' जाहीर केला. गूगलनेही आपल्या पत्रलेखनात आणि तक्त्यांत असाच एक गडी नेमला. टाचणीला ठरावीक वाक्येच येत होती. या नव्या गड्याला येत नाही असे काहीच नाही, निदान तो तसे कबूल करत नाही.

पहिल्या दिवशी आमच्या ऑपरेटर मुलीने पडद्याच्या उजव्या बाजूला एक पट्टी उघडून दिली आणि म्हणाली, "काका, इथं काय पाहिजे ते लिहा."

मी लिहिले, 'पत्र लिही.'

लिहून झाल्यावर मनाला लागले. हा मला 'आपण' म्हणतो आणि मी त्याला अरेतुरे करतो, बरे दिसत नाही. म्हणून खोडून 'कृपया पत्र लिहावे' असे केले. चार सेकंदांत पत्र आले. कोणाला, कशाबद्दल हे मी सांगितलेच नव्हते, पण म्हणून त्याचे काही अडले नाही. 'आदरणीय महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत पत्र तयार. मध्ये चौकोनी कंसात 'येथे विषय लिहावा' एवढी जागा तेवढी माझ्यासाठी ठेवली होती.

आमचे शिपाईमामा मागे उभे राहून पाहत होते. म्हणाले, "सायेब, ह्यानं काय इच्यारलंच न्हाई की वो! म्या आसतो तर इच्यारलं आसतं."

मामांच्या या वाक्यात साऱ्या परीक्षणाचे सार आहे. मामांना 'दौंडला निरोप द्या' म्हटले, तर ते कोणाला, कशाचा, परत यायचे की मुक्काम करायचा आणि एस.टी.चे पैसे कोण देणार, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. हे यंत्र विचारत नाही, ते अंदाज करते. मुळात त्याची घडणच तशी आहे. जगातला अफाट मजकूर वाचून, या शब्दापुढे बहुधा कोणता शब्द येईल हे ते ठरवत जाते. म्हणून नवशिक्याने पहिली गोष्ट शिकायची ती ही, की मामांचे चार प्रश्न आपणच आपल्याला विचारायचे आणि उत्तरे आधीच लिहून द्यायची. पत्र कोणाकडून, कोणाला, कशासाठी, किती ओळींचे. शिवाय कोणता कागद पाहून लिहायचे. एवढे केले की पत्र निम्म्याने सुधारते. उरलेले निम्मे हा आपल्या परीक्षणाचा विषय.

प्रथम लेखकाचे पत्रवाङ्मय. त्याची शैली गोड आहे. गुऱ्हाळाजवळून जाताना येतो तसला वास तिला येतो. झेरॉक्स मशीन बिघडले म्हणून दुरुस्तीवाल्याला दोन ओळी लिहायच्या होत्या. मी घाईत ओळींचा आकडा घालायला विसरलो. त्याने कागदपत्रांच्या प्रतींचे आधुनिक जीवनातील स्थान, दुरुस्तीवाल्याची अथक सेवा आणि परस्पर विश्वासाचा सुगंध अशा तीन परिच्छेदांनंतर मशीनचा उल्लेख केला. त्या सद्गृहस्थाचा फोन आला, "साहेब, रिटायर होताय का?"

दुसरे, भाषांतर. शिरूरला जुने लोक घोडनदी म्हणतात, कारण गाव घोड नदीच्या काठी आहे. लेखकाने इंग्रजी पत्रात तिची 'हॉर्स रिव्हर' केली. पत्ता वाचून वाटावे की आमची पतसंस्था रेड इंडियनांच्या मुलखात आहे. त्याहून मोठा घोटाळा रांजणगावचा. आमच्या तालुक्यात रांजणगावे दोन. एक अष्टविनायकांतल्या महागणपतीचे, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचे, जिथे औद्योगिक वसाहत आहे. दुसरे रांजणगाव सांडस, भीमेच्या काठचे, मुळा-मुठेच्या संगमापाशी. लेखकाने सभासदांची गाववार यादी करताना दोन्ही गावे एकत्र केली, आणि 'सांडस' या शब्दाला चूक समजून अनुस्वाराची जी दुरुस्ती केली, ती इथे छापता येत नाही. ती यादी फलकावर लागण्याआधी ऑपरेटर मुलीच्या नजरेस पडली म्हणून मी आज सुखरूप आहे. गावांची आणि माणसांची नावे, तारखा आणि रकमा या चार गोष्टी यंत्राने लिहिल्या असतील तर बोट ठेवून तपासाव्यात. बाकीचे नुसते वाचले तरी चालेल.

तिसरे, इतिवृत्त. या प्रकारात मात्र लेखकाच्या प्रतिभेला खरा बहर येतो. आमच्या संचालकांच्या सभेत लाभांशावरून पाऊण तास भांडण झाले. कायद्याप्रमाणे पंधरा टक्क्यांवर लाभांश देता येत नाही हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे भांडण साडेसात की आठ एवढ्यावरच होते, पण त्यात एकमेकांच्या उसाच्या बिलांपर्यंत सगळे निघाले. मी त्याला माझी टिपणे दिली. त्याने लिहिले, 'सदर विषयावर सर्वंकष व विधायक चर्चा होऊन सर्वानुमते निर्णय घेण्यात आला.'

मी खुर्चीतून उठून दाद दिली. आणि मग हळूच खाली बसलो. कारण हे वाक्य माझे होते. गेली तीस वर्षे मी हेच वाक्य लिहीत आलो आहे, माझ्या आधीच्या सचिवांनीही हेच लिहिले आणि राज्यातल्या यच्चयावत सहकारी संस्थांच्या वह्यांत हेच आहे. हा लेखक आमच्याच हाताखाली तयार झालेला निघाला. राज्य मराठीचे झाल्यावर 1962 साली सरकारने 'पदनाम कोश' काढला, तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याचे 'बदनाम कोश' असे बारसे केले. आपण हसलो आणि पुढे तीच भाषा लिहीत राहिलो. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' या वाक्यात कळवणारा कोण आणि कळवून घेणारा कोण, याचा पत्ता लागत नाही. माणूस वगळून लिहायची विद्या यंत्राने शोधलेली नाही. ती आपली आहे; यंत्राने फक्त वेग वाढवला.

त्याच्या गुणांबद्दल लिहिले नाही तर परीक्षण एकांगी होईल. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्या गडबडीत अहवालातली आकडेवारी मांडणे, एक्सेलच्या तक्त्याला कोणते सूत्र लावायचे ते सांगणे, दहा पानांच्या परिपत्रकाचा गोषवारा करणे ही कामे त्याने चहा गार व्हायच्या आत केली. त्याला चहा लागत नाही, तंबाखू लागत नाही, पाहुण्याच्या लग्नाला रजा लागत नाही. एवढे गुण असलेला माणूस आमच्या संस्थेत आजवर टिकलेला नाही.

आता ते पत्र.

दौंड शाखेची नऊ कर्जे थकली होती. वसुलीसाठी कायद्यातल्या कलम 101चा दाखला मागण्यापूर्वी एक समजुतीचे पत्र द्यावे, असे ठरले. मी नऊ खात्यांचे उतारे यंत्राला दिले आणि मामांचे चारही प्रश्न आठवून लिहिले, 'प्रत्येकाला स्वतंत्र पत्र, नम्र पण ठाम भाषेत, पंधरा ओळी.' नऊ पत्रे आली. पहिली दोन वाचली, सुरेख होती. उरलेल्या सातांवर नुसत्या सह्या केल्या.

त्यांतले एक दौंड स्टेशनाबाहेर सायकलदुरुस्ती करणाऱ्या एका सभासदाला गेले. 'गेल्या सहा महिन्यांत आपण आमच्याशी कोणताही संपर्क साधला नाही, याचे आम्हांस आश्चर्य वाटते,' असे त्यात होते. शेवटी, 'आपल्या उत्तम आरोग्यासाठी हार्दिक शुभेच्छा.'

तो गृहस्थ सहा महिन्यांपूर्वीच वारला होता.

यंत्राला हे ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. शाखेतल्या कारकुनाने त्याच आठवड्यात फोनवर सांगितले होते, मी 'अरेरे' म्हणालो होतो आणि फोन ठेवून दुसरे काम उघडले होते. फाइलीत ते 'अरेरे' उतरले नाही. आमच्या संस्थेचे निम्मे ज्ञान कागदावर नसतेच. ते मामांच्या, शाखेतल्या कारकुनाच्या आणि थोडेफार माझ्या डोक्यात असते. यंत्र कागद वाचते. कागदाच्या बाहेरचे वाचायला मी नेमलेला होतो आणि त्याचाच पगार घेत होतो.

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्यावरून चौफुल्याचा रस्ता धरून दौंडला गेलो. पारगावला भीमेचा पूल ओलांडताना मनाशी वाक्ये जुळवत होतो. पूर्वी मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन दौंडला काढून मागच्या टोकाला लावावे लागे. आता कॉर्ड लाइनमुळे बऱ्याच गाड्या तो फेरा चुकवतात. मला चुकवता येणार नव्हता.

बाईंनी पाणी दिले. पत्र देव्हाऱ्याशेजारी ठेवलेले होते. म्हणाल्या, "पोरानं वाचून दाखिवलं. ग्वाड लिवलंय. कुनी लिवलं हो?"

'यंत्राने' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण पत्राखाली सही माझी होती.

"मी लिहिलं," मी म्हणालो. "चुकलं माझं."

त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पैसं बुडवायचं न्हाईत आमाला. जरा दम धरा." व्याजात सवलत मिळण्यासाठी संचालक मंडळाकडे अर्ज करावा लागेल, असे मी सांगितले. अर्ज त्यांना लिहिता येत नव्हता, मुलगा दुकानावर गेला होता. मग त्याच्याच वहीचा कागद घेऊन मी लिहायला बसलो. आयुष्यात प्रथमच टेबलाच्या पलीकडच्या बाजूने. हात सवयीने 'उपरोक्त वि' पर्यंत गेला आणि थांबला. ते खोडून लिहिले, 'माझे मालक सहा महिन्यांपूर्वी वारले. दुकान आता मुलगा बघतो. हप्ते फेडायचे आहेत, थोडी मुदत द्यावी.' त्यांनी अंगठा न लावता सही केली. तेवढी येते, म्हणाल्या.

शिरूरला आल्यावर तो अर्ज मुलीने टाइप केला. यंत्राने बाजूच्या पट्टीत लगेच सुचवले की हा मजकूर अधिक औपचारिक करता येईल. मी 'नको' म्हटले. त्याने वाईट वाटून घेतले नाही, हा त्याचा आणखी एक गुण. त्यानंतर खातेदाराचा मृत्यू, आजारपण, पीक गेले, असे काहीही शाखेतून कळले की त्याच दिवशी फाइलीत टिपण घालायचे, असा नियम मी केला. मामांना ते जादा काम वाटते.

तात्पर्य, लेखक उद्योगी, मनमिळाऊ व बहुप्रसवा आहे. शुद्धलेखन आमच्यापेक्षा बरे. भाषा आमचीच असल्याने दोषही आमचेच. मुद्रण सुबक. नवशिक्यांनी अवश्य संग्रही ठेवावा. सही करण्यापूर्वी मात्र वाचावा.