पवाडा, निवेदन आणि शाळातपासणी

म्हैसूर शहरातील ‘अग्रहार’ हे वस्तीचे नाव जुन्या दानव्यवस्थेची खूण आहे: महसूल रयतेचा, विद्या मात्र दान घेणाऱ्या ब्राह्मणांपुरती. मुंबई इलाख्यातील सरकारी शिक्षणातही हीच विषमता टिकून राहिली, असा जोतीराव फुले यांचा आक्षेप होता. १८६९च्या ‘विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी’ या पवाड्यात तो रोषाने व्यक्त होतो. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या इंग्रजी निवेदनात तोच प्रशासकीय सूचनांचे रूप घेतो. प्रशिक्षित शिक्षक असलेल्या देशी शाळांना सढळ अनुदान द्यावे. मात्र ते निकालावर बेतू नये, कारण शिक्षणाची गोडीच न लागलेल्या गरीब समाजात त्या भरवशावर कोणी शाळा काढणार नाही. डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वार्षिक भेटीने काही साधत नाही. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी, शिवाय एरवीही पूर्वसूचनेविना भेटी द्याव्यात. ‘पूर्वसूचनेविना’ या एका अटीत पवाड्यातला सारा अविश्वास सामावला आहे. निवेदनाकडे निव्वळ दस्तऐवज म्हणून पाहणाऱ्या वाचनातून हे नाते निसटते, आणि त्याबरोबर एक विसंगतीही: शिक्षक शेतकरीवर्गातून यावेत असे म्हणणारे हे निवेदन तपासनीस मात्र अधूनमधून युरोपीय असावा, असे सुचवते.