तारा लावला, एरर गेली… आणि डेटा?

पायथनमध्ये तीन नावांत चार किमती भरायला गेलात, की 'टू मेनी व्हॅल्यूज टू अनपॅक' म्हणून व्हॅल्यूएरर येते. त्यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: एका नावापुढे तारा लावा, उरलेलं सगळं त्यात जाईल. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे, आणि संशोधनात हा अर्धवटपणा महागात पडतो.

आधी श्रेय देऊया. ही सोय पेप ३१३२ मधून आली, पायथन ३.० मध्ये, २००८ साली. तारा मध्येही चालतो, मात्र एका यादीत एकच. त्याच्या वाट्याला काहीच उरलं नाही तर रिकामी लिस्ट मिळते. मूळ टपल असलं तरी लिस्टच. इतपत सगळं सुटसुटीत आहे.

आता पावसाच्या नोंदींची एक ओळ घ्या: केंद्र, तारीख, मग दिवसभरातली कितीही मोजमापं, शेवटी शेरा. मोजमापं १४, २२, ९, शेरा 'ढगाळ'. तारा मोजमापांवर लावलात, बेरीज ४५. झकास. दुसऱ्या एखाद्या दिवशी मोजमापं तीच, पण शेरा लिहायचाच राहिला. पायथन कुरकुर करत नाही. शेवटचा ९ शेरा होऊन बसतो आणि बेरीज येते ३६. कुठेही लाल अक्षर नाही, आलेख छान दिसतो! उलट शेऱ्यात जास्तीचा स्वल्पविराम पडला, तर 'ढगाळ' मोजमापांत घुसतो आणि आकड्यात बदलताना प्रोग्रॅम थांबतो. म्हणजे पकडली जाते ती निरुपद्रवी चूक, घातक मात्र निसटते.

जावास्क्रिप्ट तर कमी पडलेल्या नावात गुपचूप 'अनडिफाइन्ड' भरते. त्या मानाने पायथनचा मूळ कडकपणा ही संशोधकासाठी मोठीच सोय होती, आणि तारा लावून आपण ती स्वतःच्या हाताने बंद करतो. झिपला 'स्ट्रिक्ट' हा पर्याय ३.१० मध्ये द्यावा लागला, तोही अशाच मूक कापाकापीमुळे.

तारा टाकू नका. पण लांबी का बदलते, हे आधी फाइल उघडून बघा. शेरा नसेल तरी त्याची रिकामी जागा ठेवायला सांगा. आणि शेऱ्याचा आकडा होतोय का, हे तपासून होत असेल तर स्वतः एरर उठवा. त्यासाठी असर्ट वापरू नका, कारण पायथन 'ओ' पर्यायाने चालवलं की असर्ट गायब होतात.